जावयाने दिलेली सायकल

जावयाने न मागता काही दिलं, तर ते आधी उलटं करून बघावं, असं खडूकाकांचं मत होतं. म्हणून त्यांनी सायकल उलटी केली. भर दुपारी अंगणात, सीट आणि हँडल खाली, चाकं वर. खाली पोतं अंथरलं होतं. सायकलला ओरखडे पडू नयेत म्हणून नव्हे. काही सुटं निघालं तर मातीत हरवू नये म्हणून.

मग त्यांनी आपली सळई आणली. तिचं एक टोक सायकलच्या दांडीला लावलं, दुसरं कानाला, आणि मोकळ्या हाताने दांडीवर टिचक्या मारत ऐकू लागले. जावई आणि मुलगी आत चहा पीत होते. काकू दारात आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, काय चाललंय हे? तो खिडकीतून बघतोय."

"बघू दे. तडा असेल तर कळेल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर आणखी वाईट," काका म्हणाले. "म्हणजे धडधाकट सायकल देतोय. का देतोय?"

हे मी पाहिलं नाही, काकूंनी सांगितलं. पण खडूकाकांना मी सतरा वर्षं जवळजवळ रोज पाहत होते, तेव्हा पाहिल्यासारखंच आहे. मी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासते. वर डोंगरात जलाशय आहे, तिथून आमच्यापर्यंत अकरा किलोमीटर लोखंडी पाइप येतो, आणि त्या पाइपावर नजर ठेवायला एक माणूस असतो. तो माणूस म्हणजे काका. सकाळी खात्याच्या जीपमध्ये सायकल टाकून जलाशयापर्यंत जायचं, आणि मग पाइपाच्या कडेच्या पायवाटेने सायकलवरून खाली येत एकेक जोड तपासायचा. ज्या जोडाविषयी शंका येईल त्यावर पांढऱ्या खडूने फुली. म्हणून खडूकाका. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते कधी कोणाच्या तोंडात आलं नाही.

सळई हे त्यांचं खरं हत्यार. पाइपाला लावली की आतलं पाणी ऐकू येतं. गळती असेल तर आवाज बदलतो. "शेजारच्या खोलीत कोणी आपल्याविषयीच कुजबुजतंय असं वाटतं," काका सांगायचे. पंचवीस वर्षं रोज असली कुजबुज शोधत फिरणाऱ्या माणसाचा स्वभाव कसा होणार? मी खुर्ची पुढे केली तरी ते आधी तिचा पाय हलवून बघायचे. कोणी त्यांची स्तुती केली की त्या दिवशी खिसे चाचपून घरी जायचे.

त्यांची स्वतःची सायकल मुलगी चौथीत असताना घेतलेली. दुकानदाराने डोंगरी सायकल म्हणून दिली होती, पण तिचा डोंगराशी संबंध टायरांच्या नक्षीपुरता. पुढचं चाक धरणारा फोर्क सरळ, लोखंडी. दगड लागला की दणका थेट मनगटात, तिथून खांद्यात, तिथून दाढेत. ब्रेक म्हणजे रिमला घासणारे रबराचे ठोकळे. ओल्या वाटेवर ते थांबवायचे कमी आणि ओरडायचे जास्त. एकवीस गिअरांपैकी सहा लागायचे, आणि कोणते सहा, ते त्या दिवशीच कळायचं. काका तिला म्हातारी म्हणत. वाटेत एक दगडाळ, मुळ्यांनी भरलेला उतार होता, त्याचं नाव त्यांनी दातपाडी ठेवलं होतं. म्हातारी असली की दातपाडीवर खाली उतरून, तिला हाताने धरून चालत जायचं. दुसरा इलाजच नव्हता.

आणि जावयाने आणलेली ही सायकल म्हणजे राजेशाही थाट. पुढे शॉक, मागे शॉक, दणके गिळायला. डिस्क ब्रेक, एका बोटाने लागणारे. टायर मनगटापेक्षा जाड, आत ट्यूब नाही. हँडलवर एक खटका होता; तो दाबला की सीट आपोआप खाली जायची. काकांनी तो तीनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "बसायची जागाच अशी दगा द्यायला लागली तर माणसाने भरवसा कोणावर ठेवायचा?"

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. शांत, नीटनेटका, शर्टाची बाही दुमडली तर दोन्हीकडे सारखी दुमडणारा. दर रविवारी डोंगरात सायकल चालवायचा, शर्यतींतही उतरायचा. ही सायकल त्यांच्या बैठकीत भिंतीवर टांगलेली असायची आणि मुलगी तिला थट्टेने "माझी सवत" म्हणायची. आता माणूस स्वतःच्या हाताने सवत सासऱ्याच्या दारात आणून ठेवतो, तर सासऱ्याने काय समजायचं?

सोमवारी काका माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसले.

"बाई, चोरीची असेल का?"

"काका, पाच वर्षं भिंतीवर होती. चोरीचा माल कोणी बैठकीत टांगतं का?"

"बरं. मग घर. आमचं घर हवं असेल."

"सायकल देऊन घर?"

"गळाला गांडूळच लावतात, बाई. मासा नाही लावत."

"मुलीला विचारलंत?"

"विचारलं. म्हणते, त्यालाच वाटलं बाबांना गरज आहे. मला गरज! पाच वर्षांत मी त्या माणसासमोर गुडघासुद्धा चोळलेला नाही." त्यांनी कपातला चहा संपवला आणि तळ बघून खाली ठेवला. "नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

सायकल त्यांनी घराच्या बोळात चादर घालून उभी केली. महिनाभर ती तशीच होती. रोज कामावरून आले की काका चादरीचं टोक उचलून बघायचे. काकूंनी एकदा विचारलंच, "रोज काय बघता? अंडी घातलीत का तिने?"

ती चादर निघाली ती म्हातारीमुळे. इतकी वर्षं ब्रेक घासून घासून तिच्या मागच्या चाकाची रिम कागदासारखी पातळ झाली होती. एका सकाळी ती फाटली. सायकल दुरुस्तीवाल्याने चाक हातात फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"काका, या मापाची रिम आता कोणी ठेवत नाही. मागवावी लागेल. तीन आठवडे तरी."

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आमचे जावई येऊन गेले का रे तुझ्याकडे?"

"कोण जावई?" दुरुस्तीवाला म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका कोरा होता की काकांनी रिम मागवायलाच सांगितली.

पहिल्या दिवशी नव्या सायकलवरून काका आमच्या फाटकात आले ते नेहमीपेक्षा पाऊण तास आधी. शर्ट कोरडा. चेहऱ्यावर चोरून गोड खाल्लेल्या माणसाचा भाव.

"कशी आहे?" मी विचारलं.

"संशयास्पद," काका म्हणाले. "दगड लागतच नाहीत. आहेत, मला दिसतात. पण लागत नाहीत. असं कसं?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की दातपाडीवर ते खाली उतरले नाहीत. हे सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. "मी नाही हो काही केलं. तीच गेली. मी फक्त वर बसलो होतो." पण आवाजात जी गंमत होती ती मी सतरा वर्षांत ऐकली नव्हती. चौपन्न वर्षांचा माणूस, पाठीला पट्टा लावून हिंडणारा, आणि पट्टा त्या आठवड्यात घरी राहिला. सहाव्या दिवशी त्यांनी ब्रेकला हात न लावता दातपाडी पार केली. माझ्याकडे येऊन वर्तमानपत्र वाचायला लागले. शब्दकोडं सोडवायला लागले.

मला बरं वाटत होतं, ते खरं. पण माझ्या टेबलावर एक वही असते. जलाशयातून किती पाणी निघालं आणि आमच्याकडे किती पोचलं, त्याची. थोडा फरक नेहमीच असतो. तो वाढत होता. सातव्या दिवशी थोडा, आठव्या दिवशी आणखी. आणि दुसरी एक गोष्ट मला दिसली, ती न दिसती तर बरं, असं वाटलं. काकांच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचा आणि शनिवारपर्यंत तो नखाएवढा उरायचा. या वेळी तो अख्खाच्या अख्खा होता.

"काका, लाइन ठीक आहे ना?"

"ठीक," ते शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले.

"आज किती जोडांना सळई लावलीत?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"हो."

हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, मला कळलं नाही. दुसऱ्या कोणी त्यांना असं विचारलं असतं तर त्याची खैर नव्हती. काकांनी माझी वही ओढून आकडे वाचले. "मीटर बिघडलं असेल."

"कालच तपासून घेतलं."

ते उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपपाशी पोचले तेव्हा काका उभे होते, पाठीला पट्टा, हातात सळई, सायकल नाही.

"तुम्ही कशाला आलात?" त्यांनी विचारलं.

"रजा टाकली आहे. चालायला."

"माझ्यावर नजर ठेवायला."

"तेही."

अकरा किलोमीटर उतरायला आम्हाला सहा तास लागले. काका एकेका जोडाला सळई लावून डोळे मिटायचे, मग पुढच्या जोडाकडे. दातपाडीवरून आम्ही एकमेकांचा हात धरत उतरलो. तिच्या पायथ्याशी वाट एकदम सपाट होते, म्हणजे वरून सुसाट येणारी सायकल तिथे सगळ्यात जास्त वेगात असणार. तिथे काका थांबले. सगळीकडे गवत वाळलेलं आणि तिथेच चार हात जागा हिरवीगार. माती काळी, ओली. त्या ओल्या मातीत टायरांच्या खुणा होत्या. जाड नक्षीच्या, एकावर एक, सरळ रेषेत. आठ-नऊ दिवसांच्या. एकही खूण जराशीही वळलेली नव्हती, की थांबलेली नव्हती.

काका त्या खुणांपाशी उकिडवे बसले.

"म्हातारीचं चाक इथे रुतलं असतं," ते म्हणाले. "मी तिला शिव्या दिल्या असत्या आणि खाली उतरलो असतो."

त्यांनी सळई पाइपाला लावली, मग माझ्या हातात दिली. मी कानाला लावली. खरंच, शेजारच्या खोलीत कोणीतरी कुजबुजत होतं.

पाइपाला आधार देणाऱ्या दगडी खांबाखालची माती वाहून गेली होती. काकांनी वाकून आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. खांब खचला असता तर पाइप सुटला असता, आणि त्या उताराच्या बरोबर खाली बसचा रस्ता. दुरुस्तीची टोळी आली, शहराचं पाणी दिवसभर बंद राहिलं, जोड बदलला, खांबाखाली काँक्रीट भरलं. कोणाला काही झालं नाही. साहेब म्हणाले, वेळेत सापडलं, शाबास. काकांनी अहवालात लिहिलं की तपासनिसाने नऊ दिवस जोड क्रमांक दोनशे चौदा तपासलेला नव्हता. "हे लिहायची गरज नाही," साहेब म्हणाले. काकांनी खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. त्यांना लेखी समज मिळाली. पंचवीस वर्षांतली पहिली.

घरी जाऊन त्यांनी नवी सायकल धुवायला काढली. ती पुन्हा कामावर न्यायची नव्हतीच. पण चिखल त्यांच्याने बघवेना. आणि धुताना, आता डोकं ताळ्यावर आलेलं असल्यामुळे म्हणा, त्यांना जे महिन्यापूर्वीच दिसायला हवं होतं ते दिसलं. उजवं पेडल नवं होतं, डावं जुनं. उजव्या मुठीचं रबर नवं, डाव्या मुठीचं झिजलेलं. त्यांनी उजवी मूठ ओढून काढली. खाली हँडलचं टोक घासून चपटं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "ही सायकल उजव्या अंगावर आपटली आहे. जोरात. आणि ते झाकलंय."

"विचारा ना जावयाला."

"सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळेल? डोळे तपासायला जातो."

पुढचं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. तपासायची खोली अंधारी, समोर भिंतीवर उजळलेली अक्षरं. काकांनी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली. जावई पलीकडून एकेक काच बदलत होता.

"तिसरी ओळ वाचा, बाबा."

काकांनी वाचली.

"चौथी?"

काकांनी चौथीही वाचली आणि त्याच सुरात विचारलं, "कधी पडलात?"

काचा बदलायचा खटखट आवाज थांबला.

"हनुवटी टेकवून ठेवा," जावई म्हणाला.

"टेकवलेलीच आहे. कधी?"

"हे स्पष्ट दिसतं की आधीचं?"

"दोन्ही सारखंच. पेडल एकच बदललंत. मूठही एकच. घासलेलं टोक मुठीखाली दडवलंत. घरात माहीत आहे का?"

जावयाने दिवा लावला नाही. अंधारातच स्टूल ओढून बसला. त्याने सांगितलं, सात-आठ महिने झाले. एका वळणावर वेग जास्त झाला. तशी सायकल असली की वेग कधी जास्त झाला हे कळतच नाही, सगळं गुळगुळीत वाटतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तो हँडलवरून पुढे फेकला गेला. पाठीवर पडला. वीस मिनिटं पाय हलत नव्हते. वर आकाश दिसत होतं आणि कमरेखाली काही आहे असं वाटत नव्हतं. मग हळूहळू मुंग्या आल्या, बोटं हलली, तो उठला, घरी आला आणि कोणाला काही बोलला नाही.

"डॉक्टर?"

"दाखवलं. काही नाही म्हणाले. पण सायकलवर बसलो की पाय थरथरतात."

"मग दर रविवारी सकाळी तयार होऊन कुठे जात होतात?"

"डोंगराच्या पायथ्याशी एक बाक आहे. तिथे बसायचो दुपारपर्यंत." जावई हातातली काच पुसू लागला. "निघताना बाटलीतलं पाणी ओतून चिखल करायचो. चाकं त्यात फिरवायचो, पँटला थोडा लावायचो, आणि घरी जायचो. मग ते असह्य झालं. म्हटलं, बाबांना गरज आहे असं सांगून देऊन टाकू."

"विकली का नाही?"

"विकली असती तर कोणीतरी तसाच वेगात गेला असता. तुम्ही सावकाश चालवाल, याची खात्री होती."

काका म्हणाले, इथपर्यंत मी पोलिसासारखा बसलो होतो, बाई. पण या वाक्यावर माझीच हनुवटी पट्टीवरून घसरली.

"मी सावकाश नाही चालवली," त्यांनी कबूल केलं. "दातपाडीवरून ब्रेक न लावता आलो. तीन वेळा."

जावयाने दिवा लावला. "काय?"

पाच वर्षांत त्याने सासऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी पंधरा मिनिटं चढवला. बाहेर चष्म्याची चौकट निवडायला बसलेली बाई उठून निघून गेली. वय काय, पाठ काय, डोक्यात हवा गेली आहे का, घरी आई एकट्या आहेत याचं काही भान आहे का. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि सगळं संपल्यावर म्हणाले, "रविवारी सकाळी या. जीप सातला निघते."

हे सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "मग? आता तरी पटलं ना?"

"खरं बोलला असावा," काका म्हणाले. "तसं वाटतंय."

म्हातारीला नवी रिम आली होती. रविवारी तिच्यावर जावई बसला आणि नव्या सायकलवर काका. जलाशयाच्या भिंतीपाशी जावयाने तिचे ब्रेक दाबून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"हिला ब्रेक कुठे आहेत?"

"आहेत. पण आधीपासून मागून ठेवावे लागतात."

जावई पेडलवर पाय ठेवायचा आणि पुन्हा जमिनीला टेकवायचा; काकांना दिसत होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी त्याला प्रत्येक जोडापाशी थांबवलं. सळई हातात देऊन ऐकायला लावलं. म्हातारीवर वेगात जाणं शक्यच नव्हतं. वेग घ्यायला गेलं की हाडं खिळखिळी व्हायची, मनगटं आधीच रडायची. प्रत्येक खडा तिने त्याला सांगितला. पहिल्या तासात जावयाने तिला दोन शिव्या दिल्या. काकांना ते चांगलं लक्षण वाटलं.

दातपाडीच्या माथ्यावर तो कोणी न सांगता खाली उतरला. मागे वळून पाहिलं तर काकाही उतरले होते.

"तुम्ही का उतरलात? ती सहज जाईल."

"ती जाईल हो," काका म्हणाले. "तिला येतं. मला येत नाही. इतके दिवस ती मला हे कळूच देत नव्हती."

दोघं सायकली धरून चालत खाली आले. पुढे लहान उतार होते, तिथे जावई म्हातारीवर बसून गेला, एक, दोन, तीन. चौथ्या उतारावर झाडाच्या मुळीवरून चाक सरकलं आणि तो आडवा झाला. वेग नव्हताच, गवतात बाजूला कोसळला इतकंच. पण तो उठेना. पाठीवर पडून वर बघत राहिला. काका सांगत होते, मी दहा पावलांवर उभा होतो. पोरीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

मग जावयाने उजवा बूट हलवला. मग डावा. मग पुन्हा उजवा. मग तो हसायला लागला, मोठमोठ्याने, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. काका त्याच्या शेजारी गवतात जाऊन बसले. त्यांनी रुमाल पुढे केला. जावयाने तो आधी उलटसुलट करून पाहिला आणि मग डोळे पुसले. "घरातली हवा लागली वाटतं तुम्हाला," काका म्हणाले.

सहा-सात रविवार असे गेले. आणि एका बुधवारी काकांची मुलगी माझ्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली. ती बालवाडीत शिकवते. तिच्यासमोर मोठी माणसंही आपोआप हाताची घडी घालतात.

"मावशी, बाबा आणि हा दर रविवारी कुठे जातात?"

"मला काय माहीत?"

"सायकल बाबांकडे, आणि फोड याच्या हाताला. परत आला की झोपतो. आणि माझ्यासमोर दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. दोन पोरं मिळून फुलदाणी फोडतात ना, तेव्हा अशीच वागतात."

"त्यालाच विचार, बाळ."

"विचारलं. व्यायाम म्हणाला." तिने माझ्याकडे नजर रोखली. ती नजर मी ओळखत होते. "मावशी, मी कोणाची मुलगी आहे?"

मी तोंड उघडलं नाही, पण काकांना फोन केला. काकांनी जावयाला केला. त्या संध्याकाळी जावयाने तिला सगळं सांगितलं, बाकासकट, बाटलीसकट. ती पडण्यावर रागावली नाही. आधी त्याची पाठ चाचपून पाहिली, एकेक मणका. मग म्हणाली, "तो चिखल मी धुवायचे. सहा महिने. घासून घासून. आणि तू बघत बसायचास." आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी नवऱ्याशी बोलली, पण वडिलांशी नाही. त्यांना आणखी आठ दिवस लागले. काकू म्हणाल्या, शिक्षा बरोबर आहे, तुम्ही जास्त शहाणे होतात.

पुढे म्हातारी कामावर आणि रविवारी जावयाकडे, असं ठरलं. काकांना स्वतःला रविवारी चालायचं होतं. मग नव्या सायकलचं काय? जावई म्हणाला, आता विकू. कोणाला, ते मात्र बाबा ठरवतील.

काकांनी ते काम जोड तपासल्यासारखं केलं. बघायला येणाऱ्याला ते अंगणात स्टुलावर बसवायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "कधी पडला आहात का?" पहिला म्हणाला, छे, कधीच नाही. त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसरा म्हणाला, पडतात ते नवखे. त्याला चहाही नाही. तिसऱ्याला मुलासाठी हवी होती. "मुलाला घेऊन या, तोच सांगेल," काका म्हणाले. तो पुन्हा आला नाही. जावई वैतागला. मुलगी म्हणाली, बाबा, सायकल विकताय की पोरगी देताय?

महिन्याभराने एक मुलगी आली, विशीतली, रुग्णालयात प्लास्टर घालायचं काम करणारी. प्रश्न ऐकून तिने बाही वर केली आणि कोपर दाखवलं, मग पँट वर करून नडगी. "तीनदा. हे वळणावर, हे ओल्या मुळीवर, आणि हे उभ्या उभ्या, सिग्नलला."

"सिग्नलला कशी?"

"पाय टेकायचा विसरले."

काका हसले. मग त्यांनी तिला दोनशे चौदा नंबरच्या जोडाची सगळी गोष्ट सांगितली, स्वतःची चूक धरून. तिने मध्येच दोनदा प्रश्न विचारले, आणि दुसरा प्रश्न चांगला होता, असं काका नंतर म्हणाले. त्यांनी मान डोलावली. जावयाने तिला सीटचा खटका दाखवला, ब्रेक किती हलके दाबायचे ते दाखवलं, आणि सगळं सांगून झाल्यावरही हँडल लगेच सोडलं नाही.

ती सायकलवर न बसता तिला धरून फाटकाबाहेर पडली. म्हणाली, हेल्मेट आणलेलं नाही. जावई तिथेच उभा राहिला. काका फाटकापर्यंत गेले आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

"चांगली वाटली," जावई म्हणाला.

"हो," काका म्हणाले. "पण रुग्णालयाचं नाव खरं सांगितलं असेल ना?"